एकत्रीकरण, एकात्मीकरण की सांधणी?

प्रश्न असा आहे : सिमँटिक वेबच्या, म्हणजे माहितीचा अर्थ यंत्रालाही कळेल अशा रीतीने ती वेबवर मांडण्याच्या, तंत्राने जनुकसंचाविषयीच्या (जीनोमविषयीच्या) विविध विदांचे (डेटाचे) जे ‘इंटिग्रेशन’ केले जाते, त्याला मराठीत एकत्रीकरण म्हणावे की एकात्मीकरण?

माझ्या मते येथे दोन्ही शब्द चुकीचे चित्र उभे करतात. ‘एकत्र’मधला ‘त्र’ हा अत्र, तत्र, सर्वत्र यांतला स्थलवाचक प्रत्यय आहे. म्हणजे एकत्रचा मूळ अर्थ ‘एका ठिकाणी’. या तंत्राचा विशेष नेमका उलट आहे. विदा एका ठिकाणी आणावाच लागतो असे नाही. तो आपापल्या कोठारात राहतो आणि स्पार्कल या पृच्छाभाषेतून एकच प्रश्न अनेक कोठारांना विचारता येतो.

‘एकात्मीकरण’ भारदस्त आहे, पण अधिक घातक. कर्करोगाच्या संशोधनात सतत भेटणारे टीपी५३ हे मानवी जनुक घ्या. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती संस्थेच्या नोंदीत त्याचा क्रमांक ७१५७ आहे, तर एन्सेम्बल या जनुकसंचांच्या विदाकोठारात ईएनएसजी०००००१४१५१०. ही एकाच जनुकाची दोन नावे असल्याने त्यांच्यात ‘तेच ते’ हे नाते सांगता येते. यूनिप्रॉट या प्रथिनांच्या विदाकोठारातील पी०४६३७ ही नोंद मात्र त्या जनुकाच्या संकेतानुसार तयार होणाऱ्या प्रथिनाची आहे. तेथेही ‘तेच ते’ असे लिहिले, तर जनुकाविषयीचे प्रत्येक विधान यंत्र प्रथिनालाही लागू करते आणि जनुकाचा ‘गुणसूत्र १७’ हा पत्ता प्रथिनाचाही ठरतो. दोन भिन्न वस्तूंना एकात्म मानल्याचा हा परिणाम आहे.

हे टळते ते संबंधाला नाव दिल्यामुळे. डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये शिफारस केलेल्या आरडीएफ या चौकटीत प्रत्येक विधान तीन पदांचे असते : एका टोकाला जनुक, दुसऱ्या टोकाला प्रथिन आणि मध्ये ‘चा संकेत धारण करते’ हा संबंध. मराठी व्याकरण शिकलेल्यांना येथे कारकविचार आठवावा, कारण दोन पदांचे एकमेकांशी नाते काय, हे उघड सांगितल्याशिवाय येथेही अर्थ लागत नाही.

म्हणून मी ‘सांधणी’ सुचवतो. सांधलेल्या वस्तू आपापल्या राहतात आणि सांधा कोठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते. ‘सिमँटिक वेब’साठी ‘अर्थजाल’ हा शब्द सुटसुटीत वाटतो खरा, पण अर्थमंत्री, अर्थखाते यांच्या सवयीने वाचक पैशाकडे वळेल. ‘अर्थवाही जाल’ त्यापेक्षा बरे.

सगळा विदा एकाच कोठारात उतरवून घेतला असेल, तर त्या कामाला मात्र ‘एकत्रीकरण’ हाच नेमका शब्द आहे.