निम्मी उष्णता गेली कुठे?

प्रश्न : मी अकरावीत आहे. स्पिरिटच्या दिव्यावर तांब्याच्या भांड्यात २०० ग्रॅम पाणी तापवलं. तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेलं, १.१५ ग्रॅम इथेनॉल जळलं. ज्वलनाची उष्णता दर मोलला ६६९ किलोज्यूल आली. पुस्तकात १३६७ आहे. बऱ्याच जणांनी वहीत १३०० लिहून टाकलं. मीही तसंच लिहू का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नको गं, मुळीच नको. तुझं गणित बरोबर आहे. २०० गुणिले ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले २०, म्हणजे १६,७२० ज्यूल. १.१५ भागिले ४६ (इथेनॉलच्या एका मोलचे ग्रॅम), म्हणजे ०.०२५ मोल. भागाकार ६६९ किलोज्यूल. उष्णता बाहेर पडते म्हणून पुढे उणे चिन्ह मात्र दे.

पण ही पाण्यात पोचलेली उष्णता आहे, इथेनॉलने दिलेली सगळी नव्हे. पाण्याबरोबर भांडंही तापलं. ते १०० ग्रॅमचं असेल तर तांब्याची विशिष्ट उष्णता ०.३९ धरून आणखी ७८० ज्यूल मिळव. उत्तर ७०० वर जाईल. बाकीची हवेत गेली. ज्योतीपासून वीतभर अंतरावर तळहात धरून बघ, ती ऊब पाण्याच्या वाट्याला आलेलीच नाही. भांड्याच्या बुडाला काजळी धरली असेल, तर तो न जळलेला कार्बन.

एक गोष्ट मी प्रयोगशाळेत मुलांना दरवर्षी करून दाखवायचे. न पेटवलेला दिवा, टोपी काढून, तराजूवर ठेवायचा. आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो. वातीतून स्पिरिट उडतं, आणि आपण ते जळलं म्हणून मोजतो. त्यात प्रयोगशाळेतल्या स्पिरिटमध्ये बहुधा थोडं पाणी असतंच.

मग १३६७ आलं कुठून? जाड पोलादी बाँब कॅलरीमीटरमधून. त्यात सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरतात आणि ते पाण्यात बुडवून आतलं इंधन ठिणगीने पेटवतात. उष्णतेला पळायला वाटच नसते. हेसच्या नियमानेही (१८४०; अभिक्रिया कोणत्याही मार्गाने झाली तरी एकूण उष्णता तेवढीच) पडताळून बघ. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि इथेनॉल मूलद्रव्यांपासून बनतानाची उष्णता अनुक्रमे घे : २ × (–३९३.५) + ३ × (–२८५.८) – (–२७७.७) = –१३६६.७. मात्र यातला –२७७.७ हा आकडाही ज्वलनावरूनच काढलेला आहे, कारण कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून थेट इथेनॉल बनवता येत नाही. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

एखाद्या पुस्तकात १२३५ दिसलं तर गोंधळू नकोस. तिथे पाणी वाफेच्या रूपात धरलेलं असतं.

वहीत ६६९ च लिही आणि खाली कारणं लिही. जमलं तर प्रयोग पुन्हा कर. भांड्यावर झाकण, ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा, आणि विझवल्याबरोबर दिव्यावर टोपी. आकडा किती वर सरकला ते मला जरूर कळव, आणि या वेळी रिकाम्या भांड्याचं वजन आधीच करून ठेव.