टर्मिनलवरून क्लस्टरवर लॉगिन करताना पासवर्ड टाइप होत नाही आणि घरून तर कनेक्शनच लागत नाही, काय करू?

पासवर्ड टाइप होतोय, फक्त दिसत नाहीये. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणारा प्रोग्राम, कमांड ssh) पासवर्डच्या जागी ठिपकेसुद्धा दाखवत नाही. न बघता पूर्ण टाइप करा आणि एंटर दाबा.

कमांड साधी आहे: एसएसएच, स्पेस, मग क्लस्टरवरचं युजरनेम, @ आणि होस्टनेम (क्लस्टरचा नेटवर्कवरचा पत्ता), हे तिन्ही सलग. युजरनेम गाळलंत तर लॅपटॉपवरचं तुमचं नाव धरलं जातं आणि क्लस्टर त्या नावाला ओळखत नाही.

घरून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येत असेल तर पासवर्ड बदलून बघण्यात अर्थ नाही. गोष्ट तिथवर पोचलेलीच नसते. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट (सर्व्हरवरचं जोडणीचं दार) 22, आणि पुष्कळ संस्था तो बाहेरच्यांसाठी बंद ठेवतात. आधी संस्थेचं व्हीपीएन (बाहेरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये नेणारी जोडणी) लावा. व्हीपीएन नसेल तर मधलं गेटवे मशीन असतं का ते अ‍ॅडमिनला विचारा. असेल तर ‘-जे’ (कॅपिटल, -J) ऑप्शनला त्याचं नाव दिलं की एकाच कमांडमध्ये पलीकडे जाता येतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा पोर्ट किंवा होस्टनेम चुकलंय. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे पोचलात, पण ओळख पटली नाही. तरीही उलगडा होत नसेल तर ‘-व्ही’ (स्मॉल, -v) लावून चालवा, गाडं कुठं अडलं ते ओळीओळीने दिसतं.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ) दाखवून पुढे जाऊ का असं विचारलं जातं. सगळे डोळे झाकून ‘येस’ म्हणतात; तुम्ही अ‍ॅडमिनने दिलेल्याशी ताडून बघा. पुढे कधी तो बदलल्याचा मोठा इशारा आला तर जुनी नोंद पुसण्याआधी अ‍ॅडमिनला विचारा. कदाचित सर्व्हर नव्याने बसवला असेल, पण ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

रोज लॉगिन करायचं असेल तर एसएसएच-कीजेनने (ssh-keygen) ‘ईडी25519’ प्रकारची की, म्हणजे पब्लिक आणि प्रायव्हेट अशी किल्ल्यांची जोडी, बनवा, तिला पासफ्रेज द्या आणि फक्त पब्लिक की क्लस्टरवर पाठवा. प्रायव्हेट की लॅपटॉपवरच राहू द्या, परमिशन 600 (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी). ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच वापरायलाच नकार देतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात महत्त्वाचं. लॉगिन झाल्यावर तुम्ही असता ते लॉगिन नोडवर (क्लस्टरच्या प्रवेशाच्या मशीनवर), आणि तो सगळ्यांचा सामायिक असतो. तिथे फाइली लिहा, कोड कंपाइल करा, पण मोठा प्रोग्राम चालवू नका. अ‍ॅडमिन तो बंद करतात आणि वर ईमेलही येते. काम शेड्यूलरकडे, म्हणजे कामं रांगेत लावून इतर नोडवर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, द्यायचं. स्लर्म नावाचा शेड्यूलर असेल तर ‘एसबॅच’ने (sbatch) जॉब टाका, ‘एसक्यू’ने (squeue) रांग बघा. जॉब रांगेत गेला की लॅपटॉप खुशाल बंद करा.

संपादन वगैरे अर्धवट असताना नेट जात असेल तर ‘टीमक्स’ (tmux) वापरा, त्यात कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू राहतं. मात्र लॉगिन नोड एकापेक्षा जास्त असतील तर पुढच्या वेळी तुम्ही कदाचित दुसऱ्याच नोडवर उतराल आणि सेशन सापडणार नाही. म्हणून टीमक्स सुरू करण्याआधी ‘होस्टनेम’ कमांड देऊन नोडचं नाव टिपून ठेवा.