मिलिंग मशीन नवीन घेतलंयस? आधी डायल लाव

कटर लावायची घाई नको. आधी हेड (स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, असलेला वरचा भाग) टेबलाला काटकोनात आहे का बघ. स्पिंडलला डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं मापक) लाव, हाताने फिरव आणि टेबलाच्या डाव्या-उजव्या टोकांचं रीडिंग घे. फरक 0.02 मिमीच्या आत आला की पुरे, त्यापायी रात्र जागवू नकोस. वाइस (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा शिकंजा) लावताना डायल स्थिर जबड्यावरच फिरव. हलणारा जबडा आवळताना थोडा उचलतोच. एमएसला (माइल्ड स्टील, साधं पोलाद) 10 मिमीचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर साधारण 800 आरपीएमवर चालव. छोट्या मशीनच्या स्क्रूत बॅकलॅश (ढिलेपणा) असतो, म्हणून फीड (जॉब पुढे सरकवणं) कटरच्या फिरण्याविरुद्ध दे, नाहीतर कटर जॉब ओढून घेतो नि दात जातात. डायल, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतील. आणि आपला मुंबईचा पावसाळा! टेबल कोरडं सोडलंस तर गंज ठरलेला. रोज तेलाचा फडका मार.