नाल्यावर आणखी एक पाइप टाकला तर भागेल का?

प्रश्न : गावाजवळच्या नाल्यावर रस्त्याखाली ६०० मिमीचे दोन पाइप आहेत. जोराचा पाऊस आला की पाणी वस्तीत शिरतं. तिसरा पाइप टाकावा का? पाणलोट अंदाजे ४० हेक्टर, काळी जमीन. (एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : आधी हिशेब करा. हेक्टर × तासाचा पाऊस (मिमी) × वाहून जाण्याचा गुणांक (पावसातला किती हिस्सा जमिनीत न मुरता वाहतो तो) ÷ ३६०. तासाला ६० मिमी पाऊस आणि भिजलेल्या काळ्या मातीसाठी ०.५ गुणांक धरला, तर सेकंदाला ३.३ घनमीटर पाणी येतं. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर ६०० मिमीचा एक पाइप जेमतेम ०.५७ घनमीटर नेतो. म्हणजे तिसऱ्यानेही भागत नाही. ९०० मिमीचे तीन लागतील. आमचं मत विचाराल तर स्लॅबची मोरी बरी, कारण पाइपच्या तोंडाशी पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) अडकतात आणि अर्धी वाट तिथेच बंद होते. काठावर पऱ्हाट्यांचे ढीग नकोतच; गाळ मृगाआधी काढा.

पाइपचा तळ नाल्याच्या तळाशी जुळवा. वर बसवला तर मागे पाणी तुंबतं. खालच्या बाजूला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) नसेल तर पडणारं पाणी पायाच पोखरतं. मोरी मोठी केल्यावर जादा पाणी खालच्या शेतांत जाईल, तेव्हा तिथलं पात्रही तपासा.