हस्तलिखितांवर पीएचडी : आधी काय शिकावं?

मराठीत एम.ए. झालंय आणि महानुभाव पोथ्यांवर पीएचडी करायची आहे, तर विषय ठरवण्याआधी लिपी शिका. नुसती मोडी पुरणार नाही. ती मुख्यतः दप्तरी कागदांची. पोथ्या बहुधा बाळबोधीत (म्हणजे देवनागरीत), पण सलग, शब्द न तोडता लिहिलेल्या. वर महानुभावांची सकळ लिपी म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून केलेली सांकेतिक लिपी, किल्ली हाती आल्याशिवाय ओळ लागत नाही.

मग पुष्पिका, म्हणजे पोथीचा समारोपाचा मजकूर, वाचायची सवय लावा. पोथीच्या शेवटी लेखनिक शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव), कधी स्वतःचं नावही देतो. शकात ७८ मिळवलं की साधारण इसवी सन येतो, पण संवत्सराशी ताळा बघाच; नक्कल उतरवणाऱ्याने जुन्या प्रतीचाच शक उतरवलेला असू शकतो. (इथे भलेभले फसतात.) पोथ्या बघायला पुण्यात भांडारकर संस्था, धुळ्यात राजवाडे मंडळ. स्कॅनवर विसंबू नका, मूळ पोथी बघा.