आमच्या डिचोलीच्या घरातील जुन्या सचित्र पोथीतला निळा रंग नीळ आहे की लाजवर्द, हे रंग न खरवडता कळेल का?

हो, कळेल, पोथीला ओरखडाही न काढता रामन वर्णपटमापनाने निळा रंग ओळखता येतो. लेसरचा मंद झोत रंगाच्या कणावर पडला की प्रत्येक द्रव्य तो आपापल्या पद्धतीने विखुरतं, त्यामुळे नीळ आणि लाजवर्द स्पष्ट वेगळे दिसतात. मी हस्तलिखितांच्या जतनाचं काम करतो, आणि आधी साध्या भिंगातून बघायला सांगतो. नीळ वनस्पतीची, तिचे कण अतिशय बारीक, ती कागदावर सपाट बसते, दाणा दिसत नाही. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाची पूड. तिचे कण ओबडधोबड असतात, मध्येच पांढरा किंवा सोनेरी ठिपका चमकतो. क्ष-किरण प्रतिदीप्तीत, म्हणजे क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रात, तांबं सापडलं तर तिसरीच शक्यता, अझुराइट, म्हणजे तांब्याचं निळं खनिज. नीळ मात्र या यंत्राला दिसतच नाही, कारण तिच्यात फक्त हलकी मूलद्रव्यं असतात, धातू नसतो.

एक अट: रंग ओळखला म्हणजे पोथीचा काळ ठरला असं नाही. प्रशियन निळा हा कृत्रिम रंग 18व्या शतकाच्या सुरुवातीचा, कृत्रिम लाजवर्द 1828 नंतरचा. ते सापडले तरी कुणीतरी नंतर रंग भरलेला असू शकतो. शिवाय रामनमध्ये खरा आणि कृत्रिम लाजवर्द जवळपास सारखेच दिसतात, तिथे सूक्ष्मदर्शकाची मदत घ्यावी लागते. म्हणून एकाच चित्रातल्या तीन-चार जागा तपासून घ्या.

आणि हे काम पावसाळ्यात नको. गोव्याच्या दमट हवेत डिंकात बांधलेला रंग मऊ पडून समोरच्या पानाला चिकटतो.