सोलापूरहून शाओलिन मठ बघायला चीनला जातोय. जवळच्या सोंग्युए पॅगोडासाठी वेळ काढावा का?

नक्की काढा, एवढ्या लांब जाऊन तो चुकवू नका. सोंग पर्वताच्या पायथ्याशी उभा असलेला हा पॅगोडा इ.स. ५२३ च्या सुमाराचा. चीनमध्ये टिकून राहिलेला सर्वांत जुना विटांचा पॅगोडा. उंची साधारण ४० मीटर. चौकोनी, अष्टकोनी पॅगोडे पुष्कळ दिसतात, याला मात्र १२ बाजू आहेत! अगदी जवळ जाऊन विटांचे सांधे बघा: मातीच्या गाऱ्यात बसवलेत आणि दीड हजार वर्षं तग धरून आहेत. कोपऱ्यांतल्या खांबांवरची कमळंही निरखा, मग मान वर करून १५ वळचणी मोजा.

आणि निघण्याआधी एखाद्या रविवारी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन याच. तिथलं त्रिविक्रम मंदिर मूळचं विटांचं बौद्ध चैत्यगृह (प्रार्थनागृह) मानलं जातं.